सभेचे भय आणि विषाद

इंग्रज कवी विल्यम कूपर (१७३१–१८००) याच्या चरित्रातील एक प्रसंग मनोविकारांच्या इतिहासात मननीय आहे. १७६३ साली एका आप्ताच्या वशिल्याने त्यास लॉर्डांच्या सभागृहात कामकाजाचे दप्तर राखणाऱ्या कारकुनाची जागा मिळू घातली होती. नेमणुकीस विरोध झाला आणि उमेदवाराने सभागृहापुढे उभे राहून आपली पात्रता पटवावी असे ठरले. कूपर कायदा शिकलेला व बुद्धिमान होता. तथापि त्या परीक्षेच्या नुसत्या कल्पनेने त्याचा धीर खचला. कित्येक महिने तो कचेरीत जुने दप्तर वाचीत बसे, पण वाचलेले मनात ठरेना. वेड लागले तर या दिव्यातून सुटका होईल, असेही त्यास वाटू लागले. दिवस जवळ आला तेव्हा त्याने जीव देण्याचे प्रयत्न केले. अखेर सेंट ऑल्बन्स येथे डॉ. नॅथॅनिएल कॉटन यांच्या वेड्यांच्या इस्पितळात त्यास ठेवावे लागले. तेथून तो १७६५ साली बाहेर पडला.

सभेच्या भयाने त्याचे मन मोडले, असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. कूपरच्या आत्मवृत्तात या प्रसंगाच्या आधीच्या दोन खुणा आहेत. शाळेत एक मोठा मुलगा त्यास इतका छळी की, त्याच्या तोंडाकडे पाहण्याची कूपरची छाती होत नसे. जोड्यांच्या बकलांवरूनच तो त्यास ओळखी. पुढे विशीत, कायद्याचा अभ्यास चालू असता, विषादाने त्यास ग्रासले. भय आणि विषाद हे दोन प्रवाह १७६३ साली एकत्र आले. नोकरीचा नाद सोडल्यावर सभागृहाचे संकट कायमचे टळले. विषाद मात्र १७७३ साली पुन्हा उसळला.

गतकाळातील माणसास आजच्या रोगाचे नाव देणे धाडसाचे होय. परंतु ही जोडी ओळखण्यास वैद्यकालाही फार काळ लागला. १९६६ साली लंडनमध्ये मार्क्स आणि गेल्डर यांनी समाजभयाचा आरंभ तारुण्याच्या उंबरठ्यावर होतो असे दाखवून त्यास इतर भयगंडांपासून वेगळे केले. १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणात त्यास स्वतंत्र स्थान मिळाले. पण भयाचे मूळ विषादासारख्या दुसऱ्या विकारात असेल तर हे निदान करू नये, अशी अट होती. एका रोग्यास एकच नाव, ही जुनी शिस्त तेथे टिकून होती. १९८७ च्या सुधारणेने अशा अटी बऱ्याच सैल केल्या. १९९२ साली श्नायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील चार ठिकाणच्या १३,००० हून अधिक प्रौढांची माहिती तपासली. समाजभय असलेल्यांपैकी ६९ टक्क्यांस आयुष्यात केव्हा तरी दुसराही मनोविकार जडला होता. कोणास विषाद, कोणास मद्याचे व्यसन. आणि बहुतेकांच्या बाबतीत समाजभय आधी आले होते.

या क्रमातच खरी गोम आहे. आपल्याकडे सभाधीटपणा हा गुण मानतात. तो नसलेल्यास ‘बुजरा’ म्हणून सोडून देतात. भय स्वभावाच्या नावाखाली दडून राहते आणि विषाद किंवा व्यसन उघड झाल्यावरच घरची मंडळी वैद्याकडे धावतात. मधली कित्येक वर्षे, जेव्हा मदतीचा उपयोग व्हावा, ती हातची जातात. समोरच्याच्या तोंडाकडे न पाहता जोड्यांकडे पाहणारे मूल त्याच वेळी कोणाच्या तरी दृष्टीस पडले पाहिजे.