स्वयंसुकाणू, वातचालित

शिडाची नौका वाऱ्याच्या साहाय्याने आपोआप ठराविक रोखावर ठेवणारे साधन. नौकेच्या पिछाडीस बसविलेले उभे पाते प्रथम वाऱ्याच्या दिशेशी जुळवितात. नौकेचा रोख बदलताच वारा पात्याच्या अंगावर आदळून ते वळते वा कलते आणि ही हालचाल सुकाणूपर्यंत पोहोचून नौका मूळ रोखावर येते. १९६० मध्ये झालेल्या एकट्याने अटलांटिक ओलांडण्याच्या पहिल्या शर्यतीत फ्रान्सिस चिचेस्टर व ब्लाँडी हॅस्लर यांनी अनुक्रमे पहिला व दुसरा क्रमांक मिळविला. दोघांच्याही नौकांवर असे साधन होते. त्यामुळे एकट्या नाविकाला झोप, स्वयंपाक व दुरुस्ती यांसाठी उसंत मिळाली.

या साधनाची मर्यादाही लवकरच दिसून आली. मुंबईत बांधलेल्या ‘सुहेली’ या सागवानी नौकेतून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ रोजी इंग्लंडमधील फालमथहून निघाले. ऑस्ट्रेलियाच्या परिसरात स्वयंसुकाणू निकामी झाले. तेव्हा शिडे कमीअधिक करून व सुकाणूचा दांडा बांधून त्यांनी नौकेचा तोल साधला. २२ एप्रिल १९६९ रोजी फालमथला परतून, कोठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले नाविक ठरले. जॉशुआ स्लोकम यांनी १८९५–९८ मधील प्रदक्षिणेत हाच मार्ग अवलंबिला होता. शिडांचा तोल बिघडलेल्या नौकेवर स्वयंसुकाणूस सतत झगडावे लागून त्याचे भाग झिजतात. म्हणून ते बसविण्यापूर्वी, तसेच त्यातील दोष शोधतानाही, प्रथम हा तोल तपासणे इष्ट ठरते.