अरवलीच्या पोटातील जस्त

गुजरातच्या ईशान्य सीमेपासून दिल्लीपर्यंत पसरलेली अरवली ही जगातील अतिप्राचीन पर्वतरांगांपैकी एक होय. आज तिची शिखरे झिजून ठेंगणी झाली आहेत. तिचे वैभव माथ्यापेक्षा पोटात अधिक आहे.

सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी येथील भूकवच ताणले जाऊन खोलगट भाग निर्माण झाले व त्यांत समुद्र शिरला. तळाशी वाळू, चिखल आणि चुन्याचे थर साचले. भूगर्भातून वर येणाऱ्या उष्ण, क्षारयुक्त पाण्याबरोबर जस्त व शिसे आले आणि गंधकाशी संयोग पावून या थरांत स्थिरावले. पुढे भूखंडे एकमेकांवर रेटली गेली, थरांना घड्या पडल्या, पर्वत उभे राहिले. त्या उलथापालथीत आडवे खनिजथर कलते झाले आणि कोट्यवधी वर्षांच्या झिजेने त्यांची टोके उघडी पडली. मानवाच्या दृष्टीस हे धन पडले ते असे.

उदयपूरच्या दक्षिणेस जावर येथे या धनाचे सोने करणारे कारागीर होऊन गेले. जस्त मिळविणे मोठे कठीण, कारण ९०७ अंश सेल्सियसला त्याची वाफ होते आणि हवा लागताच ती जळून जाते. जावरच्या कारागिरांनी वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी तोंड खाली करून भट्टीत रचल्या. एकेका भट्टीत ३६ मुशी असत. वाफ खालच्या थंड कप्प्यात उतरून तिचे जस्त बने. अशा मुशीचे वर्णन ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथातही आढळते. युरोपात जस्त गाळण्याच्या कृतीचे पेटंट विल्यम चॅम्पियनने घेतले ते १७३८ साली, म्हणजे जावरनंतर कित्येक शतकांनी.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मेवाडवर झालेल्या मराठी फौजांच्या स्वाऱ्या आणि त्यानंतर १८१२-१३चा दुष्काळ यांनी हा उद्योग मोडला. भट्ट्या विझल्या, कारागीर पांगले. वापरलेल्या मुशी तेवढ्या घरांच्या भिंतींत विटांसारख्या बसविलेल्या राहिल्या. १९८०च्या दशकात हिंदुस्थान झिंक, ब्रिटिश म्युझियम आणि वडोदऱ्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ यांच्या संशोधकांनी येथे उत्खनन केले, तेव्हा मुशींसह रचलेल्या भट्ट्या जागच्या जागी सापडल्या.

विसाव्या शतकात खाणी पुन्हा सुरू झाल्या. खनिज खडकात टिकून होते आणि मुशीचे वर्णनही ग्रंथात राहिले होते. पिढ्यान्पिढ्या हातांतून हातांत गेलेले कसब मात्र कोणी लिहून ठेवले नव्हते. ते राखेतून व खापरांतून जुळवावे लागले.