जडत्व आणि आसनपट्टा (बालशिक्षण)

जडत्व आणि आसनपट्टा (बालशिक्षण): बाह्य बलावाचून पदार्थाची स्थिर वा गतिमान अवस्था पालटत नाही, या नियमाची मोटारीतील पट्ट्याशी सांगड घालून मुलांना द्यावयाचे शिक्षण. नियमास न्यूटनने 1687 मध्ये सूत्ररूप दिले. छाती व कंबर या दोहोंस धरणारा त्रिबिंदू पट्टा व्होल्व्हो कंपनीतील अभियंता नील्स बोलिन याने 1959 मध्ये सिद्ध केला.

महाराष्ट्रातील इयत्ता आठवीच्या पाठ्यपुस्तकात विराम अवस्थेचे, गतीचे व दिशेचे असे जडत्वाचे तीन प्रकार सांगितले आहेत. पेल्यावरील पुठ्ठ्यास टिचकी मारताच वरचे नाणे पेल्यात पडते, हा प्रयोग बहुतेक शाळांतून होतो. परंतु तो विरामाच्या जडत्वाचा असून पट्ट्याचे प्रयोजन गतीच्या जडत्वात असल्यामुळे नाण्यावरून पट्ट्यापर्यंत मूल आपण होऊन पोहोचेल, अशी अपेक्षा बाळगणे व्यर्थ होय.

या दृष्टीने अलिबाग तालुक्यातील मांडवा बंदर हे उत्तम प्रयोगस्थान म्हणावे लागेल. गेटवे ऑफ इंडियाहून आलेली लाँच धक्क्याच्या टायरांस टेकते, त्या क्षणी उतरण्याच्या घाईने आधीच उभे राहिलेले उतारू पुढे झुकतात, आणि लाँच पुन्हा निघताना उभे असलेले मागे रेलतात. लाँच वळण घेते तेव्हा तेच अंग बाजूस कलते, म्हणजे पुस्तकातील तिन्ही प्रकार एका फेरीत मुलाच्या प्रत्ययास येतात. मात्र लाँचचा वेग अल्प असल्याने तेथे हाताशी असलेला कठडा पुरतो. मार्च 2020 मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो सेवा सुरू झाल्यापासून मुंबईच्या मोटारी थेट मांडव्यास उतरून अलिबागच्या अरुंद रस्त्यास लागतात, व तेथे कठड्याचे गणित निरुपयोगी ठरते. ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारी मोटार अर्ध्या मीटरात थांबली, तर मांडीवरच्या 10 किलो वजनाच्या मुलास धरून ठेवण्यास सुमारे 200 किलो वजन पेलण्याइतके बल लागते. ते कोणत्याही मातेच्या बाहूंत नसते; सबब मूल मांडीवर सुरक्षित असते ही समजूत साफ चुकीची आहे. हे गणित नववीच्या विद्यार्थ्याकडून फळ्यावर अवश्य करवून घ्यावे.

कायदा: केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 138 अन्वये मागील आसनावरील प्रवाशांसही पट्टा बंधनकारक आहे. 2019 च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम 194ब नुसार 14 वर्षांखालील मूल पट्ट्याविना वा बालआसनाविना आढळल्यास 1,000 रुपये दंड चालकास होतो. प्रत्यक्ष अंमल दीर्घकाळ पुढील आसनांपुरताच राहिला. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ झालेल्या अपघातात टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री मृत्यू पावले. मागील आसनावर त्यांनी पट्टा लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. तदनंतर 1 नोव्हेंबर 2022 पासून मुंबई पोलिसांनी सर्व प्रवाशांस सक्ती जाहीर केली. तिचे पालन कितपत होते, याविषयी मतभेद आहेत.

दुचाकी: 9 महिने ते 4 वर्षे वयाच्या मुलास सुरक्षापट्टा व शिरस्त्राण आवश्यक, वेगमर्यादा ताशी 40 किलोमीटर.

मिनिडोर: अलिबाग परिसरात प्रचलित असलेल्या या सहा आसनी रिक्षांत प्रवाशांसाठी पट्टा नसतो.