वस्तऱ्याला धार लावणारे जुने नैसर्गिक दगड : ओळख, पारख आणि वापर

घडीच्या वस्तऱ्याचे पाते दाढी करण्याइतके धारदार ठेवण्यासाठी खाणीतून काढलेले, अतिशय बारीक कणांचे दगड वापरले जात. महाराष्ट्रातील सलूनमध्ये आता बहुतेक ठिकाणी ब्लेड बदलता येणारा वस्तरा असतो. त्याला दगडाची गरजच पडत नाही. मात्र जगभरात अखंड पात्याचा वस्तरा वापरणारे हौशी लोक आजही आहेत आणि ते जुने दगड शोधून जमवतात. नावाजलेल्या दगडांना मोठी किंमत मिळते, त्यामुळे नावावर विसंबून खरेदी करणारा सहज फसतो.

दगड दुर्मीळ का झाले?

जिलेट कंपनीने १९०३ मध्ये बदलत्या ब्लेडचे रेझर विक्रीला आणले आणि हळूहळू घरोघरचा वस्तरा मागे पडला. त्याच काळात कारखान्यात तयार केलेले, एकसारख्या कणांचे कृत्रिम दगडही स्वस्तात मिळू लागले. मागणी घटली, चांगल्या प्रतीचे थर संपत आले आणि बऱ्याच खाणी बंद पडल्या. त्यामुळे काही प्रकारांचे दगड आता फक्त जुन्या बाजारातच मिळतात.

प्रसिद्ध प्रकार कोणते?

*कोटिक्युल* : बेल्जियमच्या आर्डेन भागात, व्हिएलसाल्म गावाच्या परिसरात मिळणारा पिवळसर दगड. त्याचे थर पातळ असतात. कधी तो खालच्या निळसर दगडाला निसर्गतःच जोडलेला असतो, तर कधी मजबुतीसाठी पाटीच्या दगडावर चिकटवलेला असतो.

*थुरिंजियन* : जर्मनीच्या थुरिंजिया भागातील दगड. गडद निळ्यापासून पिवळसर हिरव्यापर्यंत त्याच्या छटा असतात. झोनेबेर्ग येथील एशर कंपनीचे कागदी लेबल असलेले नग संग्राहकांच्या विशेष आवडीचे आहेत.

*जपानी दगड* : क्योटोच्या आसपासच्या डोंगरांतून काढलेले. त्यांपैकी नाकायामा खाणीचे नाव सर्वाधिक ऐकू येते. यांच्यावर अनेकदा शाईचे शिक्के असतात.

बारीक धार येते कशी?

कोटिक्युलमध्ये गार्नेट या खनिजाचे सूक्ष्म कण असतात. गार्नेट पोलादापेक्षा कठीण असले तरी त्याच्या स्फटिकांचे कोपरे फार टोकदार नसतात. त्यामुळे ते पोलाद खरवडतात, पण खोल ओरखडे पाडत नाहीत.

सहाणेवर चंदन उगाळावे तसा त्याच दगडाचा लहान तुकडा ओल्या पृष्ठभागावर घासला, की दुधाळ लगदा तयार होतो. सुटे झालेले कण पोलाद लवकर झिजवतात. मात्र धार या दाट लगद्यातून फिरताना त्याच कणांवर आदळून किंचित बोथटही होते. म्हणूनच सुरुवात लगद्यावर आणि शेवट निव्वळ पाण्यावर करतात.

विकत घेताना काय पाहावे?

एकाच खाणीतील दोन दगडही सारखे काम करतीलच असे नाही. शिवाय लेबल दुसरीकडून आणून चिकटवता येते आणि शिक्का नंतरही मारता येतो. म्हणून प्रत्यक्ष दगड तपासणे महत्त्वाचे.

- दगड ओला करून सुकू द्यावा. भेगेत पाणी टिकून राहते, त्यामुळे बाकीचा भाग सुकल्यावरही तिथे गडद रेघ दिसते.
- रंगीत शिरांवरून नख फिरवावे. खरखर लागल्यास ती शीर धारेला इजा करू शकते.
- पृष्ठभाग मध्यभागी खोलगट झाला आहे का, हे सरळ पट्टी आडवी धरून पाहावे.
- छोट्या डबीतला, निर्मात्याचे नाव साच्यातून उमटलेला दगड बहुधा कृत्रिम असतो.

सपाट करणे आणि साफसफाई

जुन्या दगडात तेल मुरलेले असल्यास तो भांडी घासण्याच्या साबणाने धुवावा. उकळत्या पाण्यात टाकू नये. दगड तडकतो किंवा चिकटवलेला थर सुटतो. नंतर त्यावर पेन्सिलीने चौकटी आखून, सपाट काचेवर ठेवलेल्या वॉटर पेपरवर पाणी घालून घासावे. सगळ्या रेघा पुसल्या, की दगड सपाट झाला. हे काम कोरड्याने करू नये, कारण अशा दगडांच्या धुळीत फुप्फुसांना घातक असलेली सिलिका असू शकते. लेबल असलेली बाजू घासू नये आणि भिजवूही नये.

वस्तरा कसा चालवावा?

पात्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली ठेवावी. कोन पाठीमुळे आपोआप ठरतो. धार पुढे ठेवून हलक्या हाताने पाते सरकवावे. टोकाशी पोचल्यावर ते पाठीवरच उलटवावे, धारेवर कधीही नाही. सुरुवातीला लगदा दाट ठेवून नंतर थेंब थेंब पाणी घालत तो पातळ करत न्यावा आणि शेवटचे हात स्वच्छ पाण्यावर मारावेत. मग चामड्याच्या पट्ट्यावर पाते उलट्या दिशेने, म्हणजे पाठ पुढे ठेवून फिरवावे. पट्ट्यावर धार पुढे गेली तर चामडे कापले जाते.

धार कुठे तुटली असेल किंवा पाते फार बोथट असेल, तर आधी जाड कणांच्या दगडावर काम करावे लागते. वर सांगितलेले दगड शेवटचा हात देण्यासाठी आहेत. मोडलेल्या धारेवर ते तासन्‌तास घासल्याने दगड आणि पाते दोन्ही विनाकारण झिजतात. नवीन दगडाची परीक्षा आधीच चांगल्या धारेवर असलेल्या वस्तऱ्याने घ्यावी. त्या दगडावर हात मारल्यानंतरची दाढी आधीपेक्षा मऊ झाली, तर दगड चांगला, मग त्यावर लेबल असो वा नसो.