पिकअपसाठी ऑल-टेरेन टायर घेताय? बर्फात जाण्याआधी टायरवरचं 'हे' चिन्ह शोधा

नोव्हेंबरमधली सकाळ. कॅनडातलं कॅल्गरी शहर. साडेसहा वाजलेत, बाहेर अजून अंधार आहे आणि पारा उणे १५ अंशांवर. काचेवरचा बर्फ खरवडून एक पिकअप ट्रक कामावर निघतो. टायर नवेकोरे, मोठ्या ठोकळ्यांच्या नक्षीचे, ऑल-टेरेन. गाडी फोर व्हील ड्राइव्ह. रात्रभर पडलेल्या बर्फातून ती अगदी आरामात बाहेर येते आणि चालवणारा निर्धास्त होतो.

पहिल्या सिग्नलला मात्र ब्रेक दाबला की गाडी थांबतच नाही. एबीएस थरथरतो, चाकं कुरकुरतात आणि दोन टनांहून जड असलेला ट्रक हळूहळू चौकात सरकत जातो.

टायर महागडे होते, नवीन होते, मग चुकलं कुठे? टायर बर्फातून निघायला चांगले होते, बर्फावर थांबायला नाही. दुकानात टायर निवडताना हाच फरक सगळ्यात जास्त विसरला जातो.

ऑल-टेरेन टायर म्हणजे नेमकं काय?

नावाप्रमाणे हा सगळीकडे चालणारा टायर. डांबरी रस्ता, खडी, माती, थोडा चिखल, असं सगळं त्याला जमतं. त्याच्या नक्षीचे ठोकळे मोठे आणि मधल्या खाचा रुंद असतात. साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, बऱ्याचदा जास्त मजबूत असते.

मोकळ्या, भुसभुशीत बर्फात या रुंद खाचांचा फायदा होतो. बर्फ खाचांमध्ये दाबला जातो आणि बर्फाला बर्फ धरतो. म्हणूनच न उपसलेल्या गल्लीतून किंवा शेतातल्या रस्त्यावरून असे टायर छान चालतात.

पण रोजच्या कामाचा रस्ता तसा नसतो. तो बराचसा उपसलेला, मीठ टाकलेला आणि गाड्यांनी घासून गुळगुळीत झालेला असतो. तिथे मोठ्या खाचांपेक्षा दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या ठरतात : थंडीत मऊ राहणारं रबर आणि ठोकळ्यांवरच्या असंख्य बारीक चिरा. या चिरांना सायपिंग म्हणतात. प्रत्येक चीर म्हणजे बर्फाला धरणारी एक जास्तीची धार.

साधं रबर थंडीत कडक होत जातं. म्हणूनच पारा साधारण ७ अंशांखाली गेला की थंडीसाठी बनवलेल्या रबराचा फायदा दिसू लागतो, असा ढोबळ नियम सांगितला जातो. त्यासाठी बर्फ पडायलाच हवा असं नाही.

'एम प्लस एस' लिहिलंय, मग पुरे ना?

बहुतेक ऑल-टेरेन टायरवर 'एम प्लस एस' ही अक्षरं असतात. अर्थ सरळ आहे, मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ. पण उत्तर अमेरिकेत हा शिक्का टायरच्या नक्षीची रचना बघून मिळतो. खाचा पुरेशा मोकळ्या असल्या की झालं. त्यासाठी टायर बर्फावर चालवून बघावा लागत नाही.

दुसरं चिन्ह वेगळं आहे : तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत हिमकण. अमेरिका आणि कॅनडाच्या टायर उद्योगाने १९९९ मध्ये हे चिन्ह आणलं. ते मिळवण्यासाठी टायर दाबलेल्या बर्फावर खरोखर चालवला जातो. ठरवून दिलेल्या एका प्रमाणित टायरपेक्षा त्याची पकड किमान १० टक्के जास्त भरावी लागते.

बीएफगुडरिच केओ२, फाल्कन वाइल्डपीक एटी३डब्ल्यू, टोयो ओपन कंट्री एटी३ अशा ऑल-टेरेन टायरवर हे चिन्ह दिसतं. तरीही फक्त मॉडेलच्या नावावर जाऊ नये. एकाच मॉडेलच्या सगळ्या मापांना चिन्ह असेलच असं नाही. आपल्या मापाच्या टायरची साइडवॉल स्वतः बघणं हाच पक्का उपाय.

चिन्ह आहे, मग आता काळजी नाही?

खरी गोम इथेच आहे. मराठीत आभाळातून पडतो तोही बर्फ आणि फ्रीजमध्ये जमतो तोही बर्फ. टायरसाठी मात्र या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत.

हिमकणाच्या चिन्हाची चाचणी दाबलेल्या भुसभुशीत बर्फावर होते आणि त्यात गाडी पुढे खेचताना मिळणारी पकड मोजली जाते. काचेसारख्या गोठलेल्या बर्फावर ब्रेक कसा लागेल किंवा वळणावर टायर किती धरेल, हे त्या उत्तर अमेरिकी चाचणीत तपासलं जात नाही.

आणि चौकातला बर्फ नेमका तसाच काचेसारखा असतो. थांबणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली तो घासला जातो, थोडा वितळतो आणि पुन्हा गोठतो. पारा शून्याच्या आसपास असताना त्यावर पाण्याचा पातळ थर असतो, तेव्हा तो सगळ्यात निसरडा होतो. अशा ठिकाणी मऊ रबर आणि दाट चिरा असलेला खास विंटर टायर ऑल-टेरेनपेक्षा कमी अंतरात थांबतो, मग ऑल-टेरेनवर हिमकणाचं चिन्ह असलं तरी.

पिकअपलाच जास्त त्रास का?

पिकअपचं इंजिन पुढे आणि मागचा हौदा रिकामा. म्हणजे मागच्या चाकांवर वजन कमी. टू व्हील ड्राइव्ह पिकअपमध्ये तर ताकद याच हलक्या मागच्या चाकांना मिळते, त्यामुळे ती लवकर घसरतात. अनेक जण थंडीत मागच्या ॲक्सलवर वाळूच्या गोण्या ठेवतात ते यासाठीच. गोण्या घट्ट बांधाव्यात आणि गाडीच्या वजनमर्यादेत ठेवाव्यात.

फोर व्हील ड्राइव्हमुळे गाडी जागची हलते. थांबण्याचा विषय मात्र वेगळा आहे. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात आणि थांबताना शेवटी टायरचीच पकड कामी येते.

आणखी एक फरक मापाच्या आधीच्या अक्षरात असतो. 'पी' म्हणजे प्रवासी गाडीचा टायर, 'एलटी' म्हणजे लाइट ट्रकचा. एलटी टायर जड आणि कडक असतो, ओझं वाहायला आणि ट्रेलर ओढायला चांगला. पण हौदा रिकामा ठेवून रोज ऑफिसला जायचं असेल, तर गाडीच्या दारावरच्या स्टिकरमध्ये जो प्रकार सांगितला आहे तोच सहसा पुरतो. स्टिकरवर एलटी लिहिलं असेल तर मात्र पी घेऊ नये.

कायदा काय म्हणतो?

क्विबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे आहेत. तिथे नुसतं 'एम प्लस एस' चालत नाही. हिमकणाचं चिन्ह किंवा खिळे असलेले टायर लागतात. म्हणजे चिन्ह असलेला ऑल-टेरेन तिथे कायद्यात बसतो.

ब्रिटिश कोलंबियात डोंगराळ भागातल्या बहुतेक महामार्गांवर १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल हा नियम असतो, काही रस्त्यांवर तो ३१ मार्चला संपतो. तिथे 'एम प्लस एस'ही चालतं, पण नक्षी किमान ३.५ मिलिमीटर खोल हवी.

बरीच मराठी कुटुंबं टोरोंटोच्या आसपास राहतात. त्या ऑन्टारियोत विंटर टायरची सक्ती नाही. मात्र २०१६ पासून विंटर टायर लावणाऱ्यांना विम्यात सवलत देणं तिथल्या कंपन्यांना बंधनकारक आहे. ऑल-टेरेनला ती मिळते का, हे टायर घेण्याआधी विमा कंपनीला विचारून घ्यावं.

मग निवड कशी करायची?

दुकानात जाण्याआधी रोजचा रस्ता डोळ्यासमोर आणावा.

• कच्चा रस्ता, न उपसलेला बर्फ, वर्षभर एकच टायर ठेवायचाय : हिमकणाचं चिन्ह असलेला ऑल-टेरेन चांगला पर्याय आहे.

• शहरातले चौक, उतार, पहाटेचा गोठलेला रस्ता : खास विंटर टायर घ्यावेत. ते वेगळ्या रिमवर बसवले की दर हंगामात बदलणं सोपं जातं आणि ऑल-टेरेन उन्हाळ्यासाठी राखून ठेवता येतात.

• बर्फ क्वचितच, पण थंडी कडक : चिन्ह असलेला, जास्त चिरांचा आणि कमी आक्रमक नक्षीचा ऑल-टेरेन पुरेसा ठरू शकतो.

घेताना आणि घेतल्यावर

• चारही टायर एकाच प्रकारचे असावेत. पुढे एक आणि मागे एक असं केलं तर वळणावर गाडीचा तोल बिघडतो.

• दिसायला भारी म्हणून जास्त रुंद टायर घेऊ नये. रुंद टायर मऊ बर्फाच्या राड्यावर तरंगतो. अरुंद टायर तो कापून खाली रस्त्यापर्यंत पोहोचतो.

• साइडवॉलवर 'डॉट' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक बघावेत. ३५२४ म्हणजे २०२४ सालच्या ३५व्या आठवड्यात बनलेला टायर.

• नक्षी ४ मिलिमीटरपर्यंत झिजली की बर्फातली पकड बरीच कमी होते. कायद्याची मर्यादा येईपर्यंत थांबू नये.

• थंडीत हवा आपोआप कमी होते. गॅरेजमध्ये २० अंशांना भरलेला टायर बाहेर उणे १० अंशांत साधारण ५ पीएसआयने उतरतो. महिन्यातून एकदा, टायर थंड असताना हवा तपासावी.

आणि टायर कुठलेही असोत, पहिला बर्फ पडला की एखाद्या मोकळ्या पार्किंगमध्ये कमी वेगात ब्रेक दाबून बघावा. गाडी किती अंतरात थांबते हे तिथे कळलेलं बरं, चौकात कळण्यापेक्षा.