कापलेल्या नखांची कुळकथा

प्रताप नगरात आमच्या वरच्या मजल्यावरची मुलगी नर्स आहे. ब्रिटनमध्ये नोंदणी व्हावी म्हणून सध्या तिची तयारी चालली आहे. परवा संध्याकाळी ती गॅलरीत बसून नखं कापत होती, पार मुळापर्यंत. ‘‘काका, तिथं हात धुण्यालाही मार्क आहेत,’’ म्हणाली. मला एकदम सुश्रुत आठवला.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, दहाव्या अध्यायात, बाळंतिणीजवळ चार बायका ठेवायला सांगितलं आहे. भरवशाच्या, पोक्त, बाळंतपणात तरबेज, आणि नखं कापलेल्या. त्यांच्या कामासाठी तिथे जे क्रियापद आहे, त्याच धातूतून आपली ‘परिचारिका’ आली : परि म्हणजे भोवती, चर् म्हणजे वावरणं. सुईणीच्या परीक्षेचं मूळ मी इथे धरतो.

ग्रीकांचा कैवार घेणारे लगेच सोरेनसला पुढे करतील. एफिससचा हा वैद्य इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये होता, आणि सुईणीची बोटं लांबसडक नि नखं आखूड हवीत असं त्यानेही लिहिलं आहे. मग उसनवारी झाली का? मला पटत नाही. सोरेनसला सुईण आधी लिहिता-वाचता येणारी हवी. सुश्रुत अक्षरओळखीचं नावही काढत नाही, तो वय आणि विश्वास बघतो. यादी उचलली असती, तर अख्खी उचलली असती. जुळतात ती नखं, कारण वाढलेलं नख इथल्या बाईलाही लागतं आणि तिथल्याही.

पुढचे टप्पे सर्वांना ठाऊक आहेत : इंग्लंडचा सुईणींचा कायदा 1902चा, भारतीय परिचर्या परिषदेचा 1947चा, महाराष्ट्राचा 1966चा. 1975मध्ये डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी वैद्यकीच्या विद्यार्थ्यांसाठी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे फिरत, प्रत्येक ठिकाणी एकेक काम करून दाखवायची परीक्षा मांडली. तीच ‘ऑस्की’ आता नर्सेसनाही द्यावी लागते.

ब्रिटनच्या परीक्षेचे भाग दोन. संगणकावरचा भारतातच देता येतो. तो मला सोरेनसचा वाटतो, अक्षरांचा. ऑस्कीला मात्र तिकडे जावं लागतं. ती सुश्रुताची, हातांची. भोवती वावरणारीला टेबलांभोवतीच फिरवतात, हे तर मला फारच आवडलं.

मी हे सगळं सांगेपर्यंत तिचा डावा हात झाला होता. ‘‘थांबा काका,’’ म्हणाली, आणि अंगठ्याची कड बोटाने चाचपून नेलकटर पुन्हा उचललं.