रेडिओचा स्पीकर आणि त्यापुढे बसलेली माणसं

१९५६ साली आकाशवाणी आणि युनेस्कोनं मिळून एक प्रयोग केला. तेव्हाच्या मुंबई राज्यातले पाच मराठी जिल्हे त्यासाठी निवडले होते: पुणे, अहमदनगर, उत्तर सातारा, कोल्हापूर आणि आमचा नाशिक. दीडशे गावांत शेतकऱ्यांचे गट केले. फेब्रुवारी ते एप्रिल असे दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी पुणे केंद्रावरून अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागायचा. गट तो एकत्र ऐकायचा, मग चर्चा करायचा आणि आपले प्रश्न पुण्याला कळवायचा. त्यांची उत्तरं रेडिओवरून मिळायची.

या प्रयोगाचं मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेनं केलं. ज्या गावांत रेडिओ होता पण गट नव्हता, तिथल्या लोकांच्या माहितीत फारशी भर पडली नव्हती. गट असलेल्या गावांत मात्र ती चांगलीच वाढली होती. म्हणजे नुसता स्पीकर वाजून भागलं नाही, त्यापुढे बसून बोलणारी माणसंही लागली.

मी देवळ्याचा, पोटासाठी सॉफ्टवेअर इंजिनिअर. सुट्टीत गावी आलो की जुने रेडिओ आणि स्पीकर दुरुस्त करतो. या प्रयोगाबद्दल वाचल्यापासून एक प्रश्न डोक्यात आहे: जुना स्पीकर दुरुस्त करतो, तेव्हा आपण नेमकं काय परत आणतो?

आधी त्या वस्तूकडे बघू. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या जनरल इलेक्ट्रिकमधल्या दोन इंजिनिअरांनी १९२५ मध्ये जो स्पीकर मांडला, त्याच तत्त्वावर आजचेही बहुतेक स्पीकर चालतात, तुमच्या मोबाइलमधला इवलासा स्पीकरसुद्धा. चुंबकाच्या फटीत तारेची गुंडाळी, तिला चिकटवलेला कोन. तारेतून सिग्नल गेला की गुंडाळी मागेपुढे हलते आणि कोन हवा ढकलतो.

जुन्या वॉल्व्हच्या रेडिओत हा कोन कागदाचा असतो. मर्फीचे रेडिओ आपल्या ठाण्यात बनायचे. रेडिओ घेतला की पोस्टात दरवर्षी लायसन्सचे पैसे भरावे लागत. एवढा खर्च केलेली वस्तू कोपऱ्यात कोण ठेवणार? ती बैठकीच्या खोलीत असायची आणि शेजारपाजारही ऐकायला यायचा.

गंमत अशी की दुरुस्तीला हे साठ-सत्तर वर्षांचे कागदी स्पीकर सोपे जातात आणि त्यांच्यानंतरचे जड जातात. सत्तरच्या दशकापासून बऱ्याच स्पीकरना कोनाभोवती फोमची कडा आली. फोम हलका असतो आणि कोनाला लांबवर हलू देतो, त्यामुळे छोट्या खोक्यातूनही दणदणीत बास निघतो. पण हा पॉलियुरेथेन फोम हवेतल्या दमटपणानं आतून तुटत जातो. दहा-वीस वर्षांत बोट लावलं की चुरा. जुन्या कागदी कोनाची कडा कागदाचीच, दुमडलेली असते. तिला उंदीर कुरतडतात, कसर लागते, पण ती आपोआप विरघळत नाही.

सटाण्याच्या एका जुन्या मेकॅनिक काकांकडून मी हे काम शिकलो. त्यांची पहिली सूचना: "भाऊ, आधी हात, मग मीटर." रेडिओ बंद करून प्लग काढायचा आणि थांबायचं, कारण कंडेन्सरमध्ये त्यानंतरही काही काळ शेकडो व्होल्ट राहू शकतात. मग स्पीकर सोडवून बाहेर काढायचा. दोन्ही हातांची बोटं कोनावर गोलाकार ठेवून अलगद दाबायचं. खर्रर्र आवाज आला तर गुंडाळी फटीत घासते आहे. आवाज नसेल तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावायचा. टक् झालं आणि कोन हलला, तर गुंडाळी जिवंत आहे. मीटरवर आठ ओहमचा स्पीकर साधारण सहा दाखवतो, त्यात बिघाड काही नाही.

फाटलेल्या कोनाला पातळ टिश्यू पेपर आणि पाणी घालून सैल केलेला गोंद पुरतो. जाड थर दिला की कोन जड होतो आणि आवाज बदलतो. हे कळायला पुस्तक चालतं, पण गोंद किती सैल हवा हे काकांच्या बोटांकडे बघूनच कळलं.

हल्ली जुन्या रेडिओचं पोट रिकामं करून आत ब्लूटूथचा बोर्ड आणि नवा स्पीकर बसवतात. दिसायला छान, पण मग उरते ती लाकडी पेटी. त्याची गरजही नसते. बऱ्याच वॉल्व्ह सेटना मागे रेकॉर्ड प्लेअरसाठी पिकअपचं सॉकेट असतं. मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाकून त्यात मोबाइल जोडता येतो. सेट एसी-डीसी असेल तर जाणकाराला विचारल्याशिवाय हे करू नका, कारण त्याची चासी थेट मेन्सला जोडलेली असू शकते.

मग परत काय आणायचं? माझं उत्तर आता असं आहे: मूळ स्पीकर शक्य तितका तसाच ठेवायचा आणि त्याच्यापुढे माणसं आणायची. आपल्या पिढीनं आवाज कानात कोंबला. सोय झाली, पण एका घरात चार जण चार गोष्टी ऐकतात आणि बोलायला समान विषयच उरत नाही. शिवाय स्पीकर उघडू शकणारे हातही कमी होत चालले आहेत. तालुक्याच्या गावांतली रेडिओ दुरुस्तीची दुकानं मोबाइलची झाली.

तुमच्या माळ्यावर असा रेडिओ असेल तर भंगारात देण्याआधी गावातला एखादा जुना मेकॅनिक शोधा. रेडिओ त्याच्याकडे टाकून निघून येऊ नका. स्टूल ओढा, शेजारी बसा आणि विचारत राहा.